विचारलं ते ट्रामबद्दल

माझी उभी नोकरी महापालिकेच्या नगररचना विभागात, हरकतींच्या टेबलावर गेली. कुठली महापालिका ते सोडा; सगळ्या सारख्याच असतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की महिनाभर टेबलाकडे कुणी फिरकत नसे आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारनंतर जिन्यापर्यंत रांग लागे. आरक्षण पडलेला शेतकरी, वकिलानं टाइप करून दिलेला एकच मजकूर घेऊन आलेले चाळीस सोसायटीवाले, आणि एखादा निवृत्त ओव्हरसियर, ज्याचं शुद्धलेखन यथातथा पण हातानं काढलेला नकाशा आमच्या ड्राफ्ट्समनपेक्षा सुबक. प्रत्येकाला आवक क्रमांक, शिक्का, पोच. मग सुनावणी, मग समितीचा शेरा. 'अमान्य' हा रबरी शिक्का आमच्याकडे तयार होता. 'मान्य' मात्र हातानं लिहावं लागायचं.

निवृत्तीनंतर वर्षातला बराच काळ मी लेकीकडे असते, श्टुटगार्टच्या उत्तरेला त्सुफेनहाउझेनमध्ये. जावई मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहेत, म्हणजे इथल्या निम्म्या लोकांसारखेच. बाहेरच्यांना हे गाव ठाऊक आहे ते पोर्शेमुळे. कारखाना इथं, मुख्य कचेरी इथं, आणि 2009 साली उघडलेलं, तीन खांबांवर तोललेलं ते पांढरं संग्रहालयही इथंच. जगभरातून माणसं एस-बाननं, म्हणजे इथल्या लोकलनं येतात, संग्रहालयाच्या दारात उतरतात, मोटारी बघतात आणि तशीच परत जातात. जुन्या गावठाणाकडे, केल्टरप्लात्सच्या चौकाकडे किंवा उंटरलेंडर रस्त्यावरच्या बाजाराकडे कुणी वळत नाही. मी मात्र तिथंच रमते, कारण माझ्या टेबलाची गोष्ट तिथली आहे.

ती मला सांगितली वरच्या मजल्यावरच्या आजींनी. आजी म्हणायचं ते नातवंडं त्यांना 'ओमा' म्हणतात म्हणून. एरवी आम्ही दोघी एकमेकींना आडनावानं, 'फ्राऊ' लावून, अहो-जाहोच करतो. इतक्या वर्षांत त्यात फरक पडलेला नाही. त्यांचे आईवडील युद्धानंतर पूर्वेकडून हुसकावून दिलेल्या जर्मनांपैकी. अशा निर्वासितांसाठी त्सुफेनहाउझेनच्या माळावर 'रोट' नावाची वसाहत उठली, तिथं त्या वाढल्या. पुढं गावठाणात कपडे दुरुस्तीचं दुकान टाकलं. पलीकडच्या श्टामहाइमपर्यंत नवी रेल्वे न्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी रीतसर हरकत नोंदवली होती आणि तिची सगळी कागदपत्रं अजून जपून ठेवली आहेत. जाड पुठ्ठ्याची फाइल, पाठीला बोट घालून ओढायचं भोक, आत पोलादी खटका. ही लाइट्स कंपनीची फाइल शेजारच्या फॉयरबाखची. कंपनी 1871 पासूनची. अशा फाइली मला नोकरीत मिळाल्या असत्या तर कसर लागून गेलेली निम्मी दप्तरं वाचली असती.

त्या फाइलमुळे मी या गावाचा वाहतुकीचा इतिहास धुंडाळायला लागले. सवयीनं एकच प्रश्न डोक्यात असे: कुठल्या गोष्टीला लोकांना विचारलं, आणि कुठली न विचारता झाली?

रेल्वेला अर्थातच कुणी विचारलं नव्हतं. 1846 मध्ये व्युर्टेम्बर्गच्या राजाची आगगाडी प्रागच्या टेकडीखालून बोगदा काढून लुडविग्सबुर्गला गेली ती याच गावाच्या शिवारातून. 1868 मध्ये इथूनच डिट्सिंगेनकडे दुसरा फाटा फुटला. द्राक्षमळ्यांचं खेडं जंक्शन झालं, जंक्शन आहे म्हणून कारखाने आले, आणि 1907 मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. योगायोग असा की त्याच 1907 च्या मे महिन्यात आमच्या मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली. तोवर, म्हणजे 1874 पासून, ती घोडे ओढत होते. त्सुफेनहाउझेनचं शहरपण चोवीस वर्षं टिकलं. 1 एप्रिल 1931 ला श्टुटगार्टनं ते पोटात घेतलं. त्याच वर्षी फेर्डिनांड पोर्शे यांनी श्टुटगार्टमध्ये आपली आरेखन कचेरी थाटली आणि 1938 मध्ये ती इथं, त्सुफेनहाउझेनच्या नव्या कारखान्यात हलवली. हिटलरला हवी असलेली 'लोकांची मोटार' याच मंडळींच्या कागदावर आकाराला आली.

मोटार लोकांची करायची तर ती उभी कुठं करायची, हेही ठरवायला हवं. ते ठरलं 17 फेब्रुवारी 1939 ला. त्या दिवशीच्या राइश गॅरेज आदेशानं सांगितलं की जो कुणी घर बांधेल, कचेरी बांधेल, त्यानं तिथं येणाऱ्या मोटारींसाठी आपल्या जागेत ठाव करून द्यायचा. रस्त्यावर तेव्हा मोटारी फारशा नव्हत्या; हा आदेश पुढच्या काळासाठी होता. काही महिन्यांत युद्ध लागलं, शहरं बेचिराख झाली, आदेश काढणारं सरकारही गेलं. पण ही अट टिकली. पश्चिम जर्मनीतल्या राज्यांनी ती आपापल्या बांधकाम कायद्यांत घेतली आणि सगळी पुनर्बांधणी तिच्या मापानं झाली. हरकतीसाठी मुदत नाही, सुनावणी नाही, आवक क्रमांक नाही. हुकूमशाहीत ते असायचं कारणच नव्हतं. पण नंतरच्या लोकशाहीलाही तो विषय नव्यानं लोकांपुढं ठेवावासा वाटला नाही, याचं मला जास्त नवल वाटतं.

नवल वाटायचं खरं तर कारण नाही, कारण आम्हीही तेच केलं. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत एका मोठ्या मोटारीला अडीच बाय साडेपाच मीटरची जागा धरलेली आहे, म्हणजे पावणेचौदा चौरस मीटर. मी वाढले ती गिरगावातली खोली दहा बाय बारा फुटांची, सव्वाअकरा चौरस मीटरही भरत नाही. तिच्यात आम्ही सातजण होतो. नियमावलीचा तो तक्ता मी टेबलावर काचेखाली ठेवला होता. त्यावर हरकत घेणारा एकही अर्ज माझ्या हाती आल्याचं आठवत नाही.

आता ट्रामकडे येते. आजी दुकानाचं सामान आणायला, लग्नाआधी नाचायला, नंतर मुलांना घेऊन, सगळीकडे 15 नंबरच्या ट्रामनं गेल्या. श्टामहाइमहून निघून त्सुफेनहाउझेनच्या भर बाजारातून ती शहरात उतरायची आणि पलीकडे टीव्ही मनोऱ्याच्या टेकडीवर चढायची. एस्लिंगेनच्या कारखान्यात 1959 पासून घडवलेल्या त्या पिवळ्या गाड्यांची रुंदी फक्त 2.20 मीटर आणि रुळांमधलं अंतर एक मीटर. अरुंद गल्लीतही मावायच्या. आत चढायला पायऱ्या असत, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला अडवायला त्या पुरेशा होत्या. यातल्या गाड्या त्सुफेनहाउझेनच्याच जुन्या ट्राम आगारात संग्रहालय म्हणून काही वर्षं ठेवल्या होत्या. आता ते संग्रहालय बाड कानश्टाटला आहे. तिथल्या गाडीच्या दारात उभं राहून मी पायरीची उंची वितीनं मोजली तेव्हा पहारेकरी आजोबांनी काही हरकत घेतली नाही.

श्टुटगार्टनं ट्राम काढून टाकली नाही, ती मोठी केली. 1985 मध्ये पहिला 'श्टाटबान' मार्ग सुरू झाला: नेहमीच्या रेल्वेइतके, 1435 मिलिमीटर अंतराचे रूळ, गाडी 2.65 मीटर रुंद, दोन डब्यांची जोडी जवळपास 39 मीटर लांब, आणि फलाट जवळजवळ मीटरभर उंच, म्हणजे चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी थेट आत. शहर बंद न ठेवता हे करायचं म्हणून कित्येक रस्त्यांत तीन-तीन रूळ टाकले, जुनी अरुंद आणि नवी रुंद अशा दोन्ही गाड्या चालाव्यात म्हणून. एकेक मार्ग बदलत न्यायला बावीस वर्षं लागली, आणि सगळ्यात शेवटी राहिला तो आमचा 15 नंबर. 8 डिसेंबर 2007 ला मीटरच्या रुळांवरची नेहमीची ट्राम श्टुटगार्टमधून कायमची गेली.

आता गणित करा. मीटरभर उंचीचा, चाळीस मीटरचा फलाट रस्त्यात आला, शिवाय दोन्ही टोकांना उतार. साडेपाच मीटरला एक मोटार धरली तर एका बाजूला सात मोटारींची जागा गेली, दोन्ही बाजूंना मिळून चौदा. अशा चौदा-चौदा मोटारींच्या जागेसाठी केल्टरप्लात्सच्या आसपासची माणसं पेटून उठणार, हे सांगायला ज्योतिषी नको. रुंद गाडी, अरुंद गावठाण, दुतर्फा दुकानं आणि प्रत्येक दुकानापुढं मोटार. शेवटी मार्ग केल्टरप्लात्सच्या पुढं जमिनीत गेला, किर्शटालचं स्थानक भुयारात आलं आणि मग तो श्टामहाइमकडे निघाला. बोगदा व्हायचा होता तोवर श्टामहाइमकरांनी बसनं दिवस काढले. 10 डिसेंबर 2011 ला यू-15, म्हणजे 15 नंबरची नवी श्टाटबान, तिथवर पोचली.

या बांधकामाला मंजुरी कशी मिळते ते मी आजींच्या फाइलवरून शिकले, लेकीला शेजारी बसवून, ओळ न ओळ भाषांतर करून घेत. नकाशे महिनाभर लोकांसाठी मांडून ठेवतात. त्यानंतर दोन आठवडे हरकतींना. मग हरकतदार, बांधणारी कंपनी आणि इतर खाती यांना एकत्र बसवून तोंडी चर्चा, आणि अखेर एकच जाडजूड निर्णय, ज्यात प्रत्येक हरकतीचं उत्तर असतं. ते उत्तर 'मान्य' किंवा 'अमान्य' एवढ्यावर भागत नाही. कारण द्यावं लागतं, कारण तेच कारण उद्या न्यायालयात उभं राहणार असतं. हरकत घ्यायला जमीन तुमच्या नावावर असावी लागत नाही, नागरिकत्वही लागत नाही. तुमच्या हिताला झळ पोचते एवढं पुरे. उंटरलेंडर रस्त्यावरचा तुर्की भाजीवाला किंवा भाड्यानं राहणारी माझी लेक, दोघांनाही नोंदवता येते.

आजींच्या अर्जात तीन मुद्दे होते. बांधकामाची धूळ कपड्यांवर बसेल, हा पहिला. दुसरा आणि तिसरा, दोन्ही पार्किंगचे: गिऱ्हाईक दुकानापुढं मोटार लावून दोन मिनिटांत सूट टाकून जातं, ती जागा गेली तर धंदा बुडेल, आणि त्यांच्या स्वतःच्या मोटारीचं काय. धुळीच्या मुद्द्याला दीड पान उत्तर होतं: पाणी मारणं, कामाच्या वेळा, तक्रार कुणाकडे करायची. पार्किंगला मोजून चार ओळी. सार्वजनिक रस्त्यावर आपल्या दाराशी मोटार उभी करायला मिळणं हा कुणाचाही हक्क नाही, सबब हरकत फेटाळली.

आजींचा त्या चार ओळींवरचा राग अजून गेलेला नाही. मला मात्र वाचताना टाळी वाजवावीशी वाटली. असं वाक्य आमच्याकडं लिहायची माझ्या कुठल्याही साहेबाची छाती झाली नसती; नगरसेवकानं दुसऱ्या दिवशी त्याची बदली केली असती. टाळी वाजवल्यावर मग खटकलं. रस्त्यावर हक्क नाही, ठीक. पण घर बांधताना मोटारीला जागा देणं ही सक्ती, तीही 1939 पासूनची. म्हणजे मोटारीची सोय हा प्रश्न कधी लोकांपुढं आलाच नाही. आला तो नेहमी ट्रामचा, फलाटाचा, बोगद्याचा. ट्रामला प्रत्येक मीटरसाठी नकाशा मांडून, हरकती ऐकून, कारणं देऊन पुढं सरकावं लागलं. मोटारीला आधीच मंजूर धरलं होतं, आणि आजींच्या तीन मुद्द्यांतले दोन त्यामुळेच तिच्या बाजूनं निघाले.

स्थानिकांचं म्हणणं ऐकायला इथं आणखी एक जागा आहे. श्टुटगार्टच्या तेवीस प्रभागांपैकी प्रत्येकाला सल्लागार मंडळ असतं. पक्षांच्या मतांच्या प्रमाणात माणसं नेमतात, बैठका खुल्या असतात, आणि निर्णयाचा अधिकार मात्र नसतो. तो शहराच्या सभागृहाचा. लेकीबरोबर मी मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसते. पहिली वीस मिनिटं बालवाडी, कचऱ्याचे डबे, एखादं झाड. मग पार्किंग निघतं आणि हॉलमधल्या माना एकदम वर होतात. भाषा न कळताही विषय कुठला ते मला माना बघून ओळखता येतं. आमच्याकडे 2009 मध्ये क्षेत्रसभेचा कायदा झाला, मतदारांनी प्रत्यक्ष बसून बोलावं म्हणून. भरलेली क्षेत्रसभा मी निवृत्त होईपर्यंत पाहिली नाही.

यू-15 श्टामहाइमला पोचली त्या आठवड्यांत श्टुटगार्टचं लक्ष भलतीकडं होतं. मुख्य स्थानक जमिनीखाली न्यायच्या 'श्टुटगार्ट 21' प्रकल्पाविरुद्ध शहर रस्त्यावर उतरलं होतं. 30 सप्टेंबर 2010 ला श्लोसगार्टन बागेत पोलिसांनी आंदोलकांवर पाण्याचे फवारे सोडले, माणसं जखमी झाली. मग ज्येष्ठ राजकारणी हाइनर गाइसलर यांच्या मध्यस्थीत दोन्ही बाजू टेबलावर बसल्या आणि उतारांपासून वेळापत्रकांपर्यंतचा तो काथ्याकूट लोकांनी टीव्हीवर थेट पाहिला. 27 नोव्हेंबर 2011 ला राज्यभर मतदान झालं. प्रकल्पातून राज्यानं पैसे काढून घ्यावेत याच्या विरोधात 58.9 टक्के मतं पडली, म्हणजे स्थानक होणार. खुद्द श्टुटगार्टमध्येही कौल तोच, फक्त फरक कमी. आणि तेरा दिवसांनी इकडं आमची छोटी गाडी भुयारातून बाहेर पडली. मतदानाला जर्मन नागरिकच लागत होते. भाजीवाला तिथं बाहेर. श्टामहाइमच्या मार्गावर त्याला हरकत घेता येत होती. मोठ्या प्रश्नावर हो किंवा नाही एवढंच विचारलं, छोट्यावर कारणासकट ऐकून घेतलं. दोन्हीतलं एक निवडायचं तर मी फाइल निवडेन, पण मी त्या टेबलाची बाई, माझं मत धरू नका.

आमच्याकडच्या हरकतींना कमी लेखायचं कारण नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 मध्ये सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या. पुढं 2015 मध्ये राज्य सरकारनं तो आराखडाच महापालिकेकडून काढून घेतला. त्याच वर्षी मुंबईचा प्रारूप आराखडा लोकांच्या गदारोळानंतर रद्द होऊन नव्यानं करायला गेला. ताकद आहे, पण ती सगळी 'माझ्या घरावरची रेघ काढा' यात खर्च होते. रेघेचं कारण मागायला कुणी येत नाही आणि द्यायला कुणी बसत नाही. पार्किंगचं तर विचारूच नका. मार्च 2018 मध्ये पुणे महापालिकेपुढं पार्किंगचं धोरण आलं. रस्त्यावर मोटार लावायचे पैसे घ्यायचे, ही कल्पना, त्यात रात्रीचेही. एवढा आरडाओरडा झाला की ते पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक म्हणून मंजूर झालं आणि मग कागदावरच राहिलं. उलट, 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली तेव्हा माणसं तिला निरोप द्यायला रस्त्यात लोटली होती, पण काढू का म्हणून गिरगावकराला कुणी विचारल्याचं मी कधी घरात ऐकलं नाही. दादरला टीटी अजून म्हणतात. ट्रामचं टर्मिनस गेलं त्याला साठ वर्षं झाली.

जर्मनीत मोटार उभी करण्याची किंमत हा विषय आता कुठं लोकांपुढं येऊ लागलाय. रहिवाशांना रस्त्यावर मोटार लावायचा परवाना वर्षाला जास्तीत जास्त 30.70 युरोंना द्यायचा, अशी मर्यादा केंद्राचीच होती. दिवसाला साडेआठ सेंटही नाहीत. 2020 मध्ये ती उठली आणि गावं आपापला दर ठरवू लागली. श्टुटगार्टच्या दक्षिणेच्या ट्युबिंगेननं तो एकशेवीस युरोंवर नेला, जड मोटारींना एकशेऐंशी. फ्रायबुर्गनं सरळ तीनशेसाठ केला, मोटारीच्या लांबीप्रमाणे कमी-जास्त. तिथला एक रहिवासी न्यायालयात गेला. 13 जून 2023 ला केंद्रीय प्रशासकीय न्यायालयानं फ्रायबुर्गचा नियम रद्द केला, पण वाचण्यासारखी आहेत ती कारणं: नियम चुकीच्या स्वरूपात केला, लांबीचे टप्पे बरोबर पाडले नाहीत, सवलती ज्या कारणानं दिल्या ते कारण कायद्यात बसत नाही. तीनशेसाठ युरो ही रक्कम मात्र न्यायालयाला जास्त वाटली नाही.

हे मी रविवारी कॉफीच्या वेळी आजींना सांगितलं, लेकीमार्फत. जावई लगेच म्हणाले, त्यांच्या मोटारीची लांबी कंपनीनं ठरवलेली आहे, मोटार कंपनीची आहे, मग पैसे त्यांनी का द्यायचे. आजींनी चमचा बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "मग हरकत कंपनीला नोंदवू द्या. मुदत दोन आठवडे."